‘नाव घालायचं होतंस’ : कलाकार आणि मंडळांसाठी समाजमाध्यमांचे पाच धडे

गेल्या मे महिन्यात मी सुट्टीला जांबोटीला घरी होते. शेजारी लग्न होतं. हळद दळायला माळ्यावरचं जातं खाली काढलेलं. आमच्याकडे आता जातं निघतं ते लग्नापुरतंच. चार बायका बसल्या, एकीने खुंटा धरला आणि एका आजीने ओवी सुरू केली. मी मोबाइल काढला आणि चाळीसेक सेकंदांचं चित्रीकरण केलं. रात्री रेंजसाठी बस स्टँडपर्यंत चालत गेले आणि इन्स्टाग्रामवर टाकलं. खाली लिहिलं, ‘गावाकडची आजी. जुनं ते सोनं.’

माझ्या कुठल्याच पोस्टला कधी एवढे प्रेक्षक मिळाले नव्हते. चार दिवस मी नुसती खूश. मग एका पेजने ते उचललं, आपला शिक्का मारला आणि परत टाकलं. कुणी आवाजाखाली ढोल-ताशा घातला. प्रतिक्रिया आल्या, त्यात चांगल्या पुष्कळ होत्या, पण काही आजीच्या दातांवर होत्या, काही लुगड्यावर. तिच्या नातवाने तिला ते सगळं दाखवलं. मी भेटायला गेले तेव्हा ती रागावली नाही. चहा ठेवला आणि म्हणाली, “बरं केलंस गं पोरी. पण नाव घालायचं होतंस. माझं नको घालूस हवं तर. आईचं घालायचं. ती ओवी आईची.”

मी मराठी साहित्याची विद्यार्थिनी. तीन वर्षं परीक्षेत ‘लोकसाहित्यात कर्ता अनामिक असतो’ असं लिहीत आले, त्याला गुणही मिळाले. इथे तर कर्ती माहीत होती, तिची मुलगी समोर बसली होती आणि मीच तिला अनामिक करून टाकलं होतं.

यंदा आपल्या वाङ्मय मंडळाच्या पानांचं काम माझ्याकडे आणि माझ्या दोन मैत्रिणींकडे आलं आहे. कामाला लागण्यापूर्वी जे वाचलं, जे चुकून शिकले, ते इथे क्रमाने मांडते. हे फक्त आपल्यासाठी नाही. तुमच्यापैकी कुणाच्या गावात भजनी मंडळ आहे, कुणाचा भाऊ यात्रेच्या नाटकात काम करतो, कुणाचे काका संमेलनाच्या समितीवर आहेत. मोबाइल मात्र सगळीकडे तुमच्याच हातात दिलेला असतो : “तुम्हाला कळतं ते, तुम्ही टाका.” तर टाकण्याआधी काय बघायचं, याचे हे पाच धडे.

आपल्या भागात हे का महत्त्वाचं आहे

आपल्या सीमाभागात मराठी साहित्याचा कारभार मोठ्या संस्थांच्या पैशावर चाललेला नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बेळगावात झालं आहे, १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते आणि २००० साली य. दि. फडके. २०१५ साली नाट्य संमेलन झालं, त्याच्या अध्यक्ष फैयाज होत्या. पण ते पाहुणे, आले आणि गेले. दरवर्षी न चुकता होतात ती गावांची संमेलनं : कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमनी, आमच्या खानापूर तालुक्यात माचीगड, निपाणीकडे कारदगा. सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन, परिसंवाद, कथाकथन, शेवटी कविसंमेलन. मांडव गावकरी घालतात, जेवण गावच करतं. पत्रिका छापायला पैसे जमवतात, त्यामुळे जाहिरातीला वेगळे पैसे कुठून येणार?

अशा ठिकाणी फुकटात हजार माणसांपर्यंत पोचणारं माध्यम हाती आलं ही साधी गोष्ट नाही. पूर्वी निरोप पत्रिकेने जायचा, वर्तमानपत्रातल्या चार ओळींनी जायचा, नाहीतर बसमध्ये कुणी भेटलं तर तोंडी. आता एका मिनिटात जातो. तसाच चुकीचा निरोपही एका मिनिटातच जातो. माझी ओवी गेली तशी.

पहिला धडा : नाव

जे काही टाकाल त्याच्याखाली माणसांची नावं हवीत. लिहिणाऱ्याचं, म्हणणाऱ्याचं, वाजवणाऱ्याचं, फोटो काढणाऱ्याचं. फोटोग्राफरचं नाव आपण सगळेच विसरतो, म्हणून मुद्दाम लिहिते.

याचं उत्तम उदाहरण मराठीतच आहे आणि ते ओव्यांचंच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोन अभ्यासकांनी पुण्यात राहून, महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतल्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून ‘पारी’ म्हणजे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ या संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होत आहेत. तिथलं एखादं पान उघडून बघा. ओवी आहे, अर्थ आहे, आणि खाली त्या बाईचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, वय, ती काय काम करते, ओवी कधी ध्वनिमुद्रित झाली, हे सगळं आहे. फोटोही आहे. नुसती ‘गावाकडची आजी’ तिथे कुठेच नाही. लाखभर ओव्यांना नाव-गाव लावता येतं, तर मला एका ओवीला का जमू नये?

उलट बाजूचं उदाहरण आपल्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर रोज येतं. कुणाच्या तरी चार ओळी आणि खाली ‘कुसुमाग्रज’. कुणाचा तरी विनोदी मजकूर आणि खाली ‘पु. ल.’. पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवत होते, म्हणून आपल्याकडे त्यांच्यावर जरा जास्तच हक्क सांगितला जातो. पण जे त्यांनी लिहिलेलंच नाही ते त्यांच्या नावावर खपवणं म्हणजे दोघांवर अन्याय. पु. लं.वर तर आहेच, शिवाय ज्या कुणी ते खरंच लिहिलं त्याच्यावरही. मंडळाच्या पानावरून असं काही गेलं तर तिसरा अन्याय वाचकावर, कारण ‘कॉलेजच्या वाङ्मय मंडळाने टाकलंय म्हणजे खरंच असणार’ असं तो धरून चालतो. म्हणून नियम सोपा ठेवला आहे : पुस्तक हातात घेऊन बघितल्याशिवाय कवितेखाली नाव घालायचं नाही, आणि नाव माहीत नसलेली कविता टाकायचीच नाही. ग्रंथालय दोन मजले खाली आहे, चार पावलं चालायची तर आहेत.

नावाचं अजून एक दुखणं म्हणजे बॅनर. यात्रेच्या नाटकाचा बॅनर डोळ्यांपुढे आणा. वर देवाचं चित्र, त्याखाली पुढाऱ्यांचे गोल गोल चेहरे, शुभेच्छुकांची रांग, देणगीदार. नाटककाराचं नाव शोधायला भिंग लागतं आणि कलाकारांची नावं कोपऱ्यात, नाहीतर नाहीतच. हाच बॅनर मोबाइलवर जातो. छापील बॅनरवर देणगीदारांना जागा द्यावीच लागते, त्यांच्यामुळे मांडव उभा राहतो. मोबाइलवर मात्र जागेची टंचाई नाही. इन्स्टाग्रामवर एका चित्राखाली २,२०० अक्षरं बसतात. नाटकातल्या सगळ्या कलाकारांची, हार्मोनियमवाल्याची, पडदेवाल्याची नावं लिहूनही जागा उरते. एकेका कलाकाराची वेगळी पोस्टही करता येते, त्याचे सगळे नातेवाईक ती पुढे पाठवतात. प्रसिद्धीही होते आणि माणूसही सुखावतो.

दुसरा धडा : परवानगी

परवानगीची गोष्ट काढली की म्हणतात, “एवढं काय त्यात? आपलेच लोक की.” मीही तेच म्हणत होते.

कायदा काय सांगतो ते थोडक्यात बघू. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लेखनावर त्याचा किंवा वारसांचा हक्क असतो. इंदिरा संत बेळगावच्या, आपल्या अगदी जवळच्या. त्या २००० साली गेल्या. म्हणजे त्यांच्या कवितेवरचा हक्क २०६० संपेपर्यंत आहे. त्यांची अख्खी कविता सुंदर चित्रावर घालून टाकायची तर विचारायला हवं. त्यांच्या कवितेवर आपण परिचय लिहिला, समीक्षा केली आणि त्यात गरजेपुरत्या ओळी दिल्या, नाव आणि संग्रह लिहिला, तर त्याला कायद्यात वाट आहे. विद्यार्थ्यांसाठी तीच वाट बरी, त्या निमित्ताने आपणही काहीतरी लिहितो.

कलाकाराचाही हक्क याच कायद्यात आहे. गाणाऱ्या-नाचणाऱ्या-अभिनय करणाऱ्या माणसाचं सादरीकरण त्याच्या संमतीशिवाय चित्रित करून पसरवता येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने त्याला आणखी एक हक्क दिला, आपलं नाव लावून घेण्याचा. आजीने कायदा वाचला नव्हता, पण ती बोलली ते कायद्याचंच होतं.

गाण्याच्या बाबतीत जरा गुंता असतो, तो एका उदाहरणाने सोडवू. आमच्या भागात ज्ञानेश्वरी पारायणाचे सोहळे होतात, भजनी मंडळं उभी राहतात. समजा मंडळ तुकोबांचा अभंग म्हणतंय आणि तुम्ही चित्रीकरण करताय. यात चार गोष्टी आहेत :

• शब्द : तुकोबांचे. त्यावर आता कुणाचा हक्क नाही, ते सगळ्यांचे.
• चाल : परंपरेची असेल तर सगळ्यांची. एखाद्या संगीतकाराने बांधलेली असेल तर त्याची.
• गळा आणि हात : म्हणणाऱ्यांचे, पखवाजवाल्याचे. त्यांना विचारायचं.
• ध्वनिमुद्रण : ज्याने केलं त्याचं. तुम्ही स्वतः केलंत तर तुमचं.

बहुतेक जण घोटाळा करतात तो चौथ्या ठिकाणी. मंडळाचा स्वतःचा आवाज काढून टाकतात आणि वर प्रसिद्ध गायकाची रेकॉर्ड लावतात, ‘जरा भारी वाटावं’ म्हणून. मग यूट्यूबची यंत्रणा ती रेकॉर्ड ओळखते, कधी आवाज बंद करते, कधी उत्पन्न दुसऱ्याकडे वळवते, आणि मंडळी म्हणतात आमच्यावर अन्याय झाला. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मले याचा आपल्याला अभिमान आहेच, पण म्हणून त्यांची रेकॉर्ड आपल्या रीलला मोकळी झाली असं नाही. आणि मुद्दा कायद्यापुरताच नाही. लोकांना कुमारजी ऐकायचे असतील तर ते कुमारजींची रेकॉर्ड लावतील. जांबोटीच्या मंडळाचा पखवाज मात्र जांबोटीच्याच पोस्टवर ऐकायला मिळणार. तोच आपण पुसून टाकतो.

नाटकवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. प्रयोग करायची परवानगी आणि प्रयोगाचं चित्रीकरण प्रसारित करायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाटककाराने यात्रेत प्रयोग करायला हो म्हटलं म्हणजे फेसबुकवरून थेट दाखवायला हो म्हटलं असं होत नाही. पत्रातच दोन्ही विचारून घ्यावं.

आता माणसांची परवानगी. याला कागद लागतोच असं नाही, पण विचारणं लागतं आणि ते नेमकं लागतं. “टाकू का?” एवढंच विचारलं तर समोरचा भिडेने ‘हो’ म्हणतो. मी आता असं विचारते : “हे चित्रीकरण मंडळाच्या इन्स्टाग्रामवर आणि यूट्यूबवर टाकणार आहे. ते कुणीही बघू शकतं, उतरवून घेऊ शकतं. तुमचं नाव-गाव असं लिहिणार आहे. चालेल का? नंतर नको वाटलं तर मला सांगा, मी काढीन. पण तोपर्यंत दुसऱ्यांनी घेतलं असेल तर ते माझ्या हातात नाही.” हे शेवटचं वाक्य खरं आहे आणि ते आधीच सांगायला हवं.

तीन ठिकाणी जास्त जपायचं. लहान मुलं असतील तर आईवडिलांना विचारल्याशिवाय नाही, आणि शाळेचं नाव, गणवेश, घराचा पत्ता दिसेल असं काही नाही. स्नेहसंमेलनात नाचणारी पोर आज खूश असते, पंधराव्या वर्षी तिला तो व्हिडिओ नकोसा होऊ शकतो. दुसरं, देवकार्य. आमच्या गावात असो की चर्चमध्ये, जे भक्तीने चाललंय ते दरवेळी बघ्यांसाठी नसतं. पुजाऱ्यांना, गुरवांना, फादरांना, पंचांना विचारा, ‘नको’ म्हटलं तर मोबाइल खिशात. तिसरं, नाटकात काम करायला बाहेरगावाहून येणाऱ्या अभिनेत्री. त्यांच्या नाचाचे तुकडे तोडून फिरवतात, खाली नको त्या प्रतिक्रिया येतात. मंडळाच्या पानावर असं होऊ द्यायचं नाही. अशी प्रतिक्रिया दिसली की काढून टाकायची, त्यात चर्चा नाही. ती बाई तुमच्या गावची पाहुणी आहे.

तिसरा धडा : निरोप

कार्यक्रमाची जाहिरात म्हणजे शेवटी निरोपच, आणि निरोप पोचला पाहिजे. आपल्या पोस्टमध्ये होणाऱ्या चुका मी मोजून बघितल्या नाहीत, पण डोळ्यांना रोज दिसतात. सगळा मजकूर चित्रात, अक्षरं एवढी बारीक की मोबाइलवर बोटांनी ताणावं लागतं. ‘आज’ आणि ‘उद्या’ लिहिलेलं, आणि पोस्ट पोचते तिसऱ्या दिवशी. वार आहे तर तारीख नाही, तारीख आहे तर वेळ नाही. गावात देवळं तीन, आणि पत्ता ‘मंदिरासमोर’.

चित्र सुंदर करा, पण खाली साध्या देवनागरी मजकुरात एवढं तरी असू द्या : काय आहे, कोण करणार आहे, वार-तारीख-वेळ, नेमकी जागा, तिथे कसं पोचायचं, प्रवेश सगळ्यांना आहे का, आणि विचारायचं असेल तर कुणाला. आमच्या बाजूच्या कार्यक्रमांना मी एक ओळ वाढवते, परतीची शेवटची बस कितीला. चोर्ला रस्त्याच्या गावांतून येणाऱ्या मुलींना त्या ओळीवर ठरवावं लागतं की कविसंमेलनाला थांबायचं की नाही.

मजकूर साधा हवा याला अजून दोन कारणं आहेत. ज्यांना दिसत नाही ते मोबाइलकडून मजकूर वाचून घेतात. मोबाइल युनिकोड अक्षरं वाचतो, चित्रातली अक्षरं त्याला नीट वाचता येतीलच असं नाही. आणि दुसरं, शोध. पुढच्या वर्षी कुणी ‘जांबोटी भजन’ असं शोधलं तर मजकुरात लिहिलेलं सापडेल. छापखान्यातून आलेला मजकूर जुन्या फाँटमध्ये असतो, तो तसाच चिकटवला की भलतीच अक्षरं उमटतात. पुन्हा टाइप करायचा कंटाळा करू नका, आणि करताना शुद्धलेखन बघा. साहित्य मंडळाच्या निमंत्रणातच ‘कवीसंमेलन’ असेल तर प्राध्यापकांपुढे उभं कसं राहायचं?

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. गटात १,०२४ जणांपर्यंत सदस्य घेता येतात, म्हणून समित्या सगळ्या रसिकांना एका गटात कोंबतात. पण गटात प्रत्येकाचा नंबर बाकी सगळ्यांना दिसतो. मुलींना नंतर अनोळखी संदेश येतात आणि त्या गट सोडून जातात. कारण कुणी विचारत नाही. नुसता निरोपच द्यायचा असेल तर चॅनेल आहे, २०२३ पासून भारतात सुरू आहे, तिथे एका सदस्याला दुसऱ्याचा नंबर दिसत नाही. गट फक्त काम करणाऱ्यांचा ठेवा.

आणि आकड्यांचं वेड जरा आवरा. पोस्टला किती ‘लाइक’ आले यापेक्षा खुर्च्या किती भरल्या ते बघा. माझ्या ओवीला हजारोंनी बघणारे होते, त्यातला एकही ती ओवी पूर्ण ऐकायला आजीकडे आला नाही.

चौथा धडा : भाषा

हा धडा आपल्याच भागाचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राचा दावा आहे. २०१४ साली शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. यावर आपल्या घराघरांत मतं आहेत आणि मतं असण्यात गैर काही नाही. पण साहित्याच्या पानावर एखाद्या मराठी कवितेखाली कुणी कन्नड भाषेला शिवी घातली, किंवा उलट, तर दहा मिनिटांत कविता बाजूला राहते आणि भांडण उरतं. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या १९६ व्या कलमाप्रमाणे भाषेच्या कारणावरून दोन गटांत वैर वाढवणं हा गुन्हा आहे, मग ते तोंडी असो, लेखी असो की इलेक्ट्रॉनिक माध्यमातून. मजकूर पुढे पाठवणारी पोरं विशीतली असतात. पुढे पासपोर्टच्या वेळी, नोकरीच्या वेळी ते निस्तरायला लागतं ते त्यांच्या आईवडिलांना.

मग मराठीचा अभिमान सांगायचाच नाही का? सांगायचा की. मराठी चांगली लिहून सांगायचा. आपल्या वर्गात कन्नड घरातल्या मुली आहेत, उर्दू, कोकणी बोलणारे आहेत. आपली पोस्ट त्यांनाही कळावी म्हणून मराठीखाली दोन ओळी कन्नडमध्ये लिहिल्या तर मराठी कमी होत नाही, श्रोते वाढतात. प्रकाश संतांच्या लंपनच्या कथा वाचलेल्यांना माहीत आहे, त्यातल्या मराठीला कन्नड शेजारामुळे केवढी गोडी आली आहे.

विरोध आला तर काय करायचं? टीका आणि शिवी यांत फरक करायचा. ‘तुमच्या नाटकाचा दुसरा अंक रटाळ होता’ ही टीका. तिला उत्तर द्या, धन्यवाद म्हणा, ती काढू नका. शिवी काढून टाका, पण आधी तिचा स्क्रीनशॉट ठेवा, लागला तर लागतो. रागात लगेच उत्तर लिहायचं नाही. आम्ही तिघींनी ठरवलंय की उत्तर एकीने लिहायचं, दुसरीने वाचायचं, मगच टाकायचं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची २०१९ साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली तेव्हा विरोधाचे फोन गेले, उलटसुलट बरंच लिहिलं गेलं. जानेवारी २०२० मध्ये प्रकृती ठीक नसतानाही ते व्यासपीठावर आले आणि आपलं भाषण केलं. लेखकाने द्यायचं उत्तर ते हेच, असं मला वाटतं.

पाचवा धडा : नोंद

२९ जून २०२० ला सरकारने ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. आपण शहाण्यांनी त्यावर विनोद केले. पण खेड्यापाड्यांतली कितीतरी मुलं-मुली तिथे नाचत होती, गात होती, नकला करत होती. त्यांचे प्रेक्षक एका रात्रीत गेले आणि ज्यांनी मूळ चित्रीकरण स्वतःकडे ठेवलं नव्हतं त्यांचं कामही हाती राहिलं नाही. त्याआधी ऑर्कुट २०१४ साली बंद झालं. फेसबुक-इन्स्टाग्राम कायम राहतील असं कुणी लिहून दिलेलं नाही. ते घर भाड्याचं आहे, दागिने तिथे ठेवू नयेत.

याच संदर्भात आपल्या अभ्यासक्रमातलं एक नाव आठवतं. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. मराठी शिकले आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं. ते १६१६ साली राचोलला रोमी लिपीत छापलं गेलं, पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा. छपाई म्हणजे त्या काळचं सगळ्यांत नवं माध्यम. आणि आज त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो लोकांनी हाताने केलेल्या नकलांमुळे. १९०७ साली मंगळूरला सालढाणांनी तो पुन्हा छापला तोही हस्तलिखितांच्या आधारे. नवं माध्यम बुडालं आणि वही टिकली.

म्हणून मंडळाने प्रत्येक कार्यक्रमाची मूळ चित्रीकरणं, फोटो आणि एक साधी यादी ठेवावी : तारीख, ठिकाण, कोण काय बोललं किंवा गायलं, परवानगी कुणी दिली. एक प्रत कॉलेजच्या संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर. यादी कागदावरही, वहीत. वहीला पासवर्ड लागत नाही.

पासवर्डवरून आठवलं. एका गावच्या मंडळाचं पान एका मुलाने आपल्या खासगी नंबरवर सुरू केलं. तो नोकरीला परगावी गेला, नंबर बदलला, पासवर्ड विसरला. आता ते पान तसंच पडून आहे, लोक तिथे अजून ‘यंदा नाटक कधी?’ म्हणून विचारतात आणि उत्तर देणारं कुणी नाही. आम्हीही वर्षभरात इथून जाणार. तेव्हा पान मंडळाच्या ईमेलवर असावं, किमान दोन व्यवस्थापक असावेत, त्यातले एक प्राध्यापक, आणि वर्ष संपताना ग्रंथालयाच्या किल्ल्या देतात तसा पासवर्ड रीतसर पुढच्यांच्या हाती द्यावा.

सराव

वाचून सोडून देऊ नका, या आठवड्यात एवढं करून बघा.

१. तुमच्या मोबाइलमधली शेवटची पुढे पाठवलेली कविता घ्या. खालचं नाव खरं आहे का, ते ग्रंथालयात जाऊन शोधा. सापडलं नाही तर ज्याने पाठवली त्याला नम्रपणे कळवा.

२. तुमच्या गावच्या पुढच्या कार्यक्रमाचा निरोप चित्राशिवाय, फक्त मजकुरात लिहा. घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसाला वाचून दाखवा. ‘कुठे? कधी?’ असं परत विचारलं तर पुन्हा लिहा.

३. तुम्ही टाकलेला, दुसऱ्याचा चेहरा असलेला एक जुना फोटो शोधा. त्या माणसाला आज विचारा, “राहू दे का?” नको म्हटलं तर काढा.

४. घरातल्या किंवा शेजारच्या एका गाणाऱ्या माणसाची वहीत नोंद करा : नाव, गाव, कुणाकडून शिकले, काय काय येतं. चित्रीकरण नंतर.

चौथा सराव मी दिवाळीच्या सुट्टीत स्वतः केला. वही घेऊन आजीकडे गेले. मोबाइल पिशवीतच ठेवला. तिने आईचं नाव सांगितलं, माहेरचं गाव सांगितलं, ते आता जवळजवळ सगळं जंगलातच आहे म्हणाली. त्या दिवशी तिने सतरा ओव्या सांगितल्या. मे महिन्यात मी एकच घेऊन पळाले होते.

मग तिला पाठ केलेला तो लांबलचक प्रश्न विचारला. तिने नीट ऐकून घेतलं आणि ठरवलं : चेहरा नको, जात्यावरचे हात दिसले तर चालतील, आवाज असू दे, आणि खाली आईचं नाव घालायचं. तसंच केलं. जुनी पोस्ट काढली, नवी टाकली. या वेळी बघणारे थोडेच होते. पण दोन दिवसांनी गोव्याकडच्या एका बाईंचा संदेश आला, की नाव ओळखीचं वाटतंय, ही माझ्या आजीची बहीण तर नव्हे? आता त्या दोघींचं फोनवर बोलणं चालू आहे. नाव घातलं म्हणून शोधणारीला सापडलं.

ते नाव मी या लेखात लिहिलेलं नाही. आजीने परवानगी दिली ती त्या पोस्टसाठी. या लेखासाठी मी तिला अजून विचारलेलं नाही.